अल्पवयात निधन

मॉसन लेक्स, ॲडलेड
९ मार्च २०२४

चित्राआत्या,

वाकून नमस्कार केला असं समज. फोनवर मी नुसतं इंग्रजी ‘या, या’ करते आणि तुला भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं म्हणालीस, म्हणून हे पत्र. पोस्टाचं तिकीट मी आयुष्यात पहिल्यांदा चिकटवलं. हसू नकोस.

तुझ्याकडे काम आहे. आमचं ऑफिस लोकांच्या घराण्यांची जुनी कागदपत्रं कॉम्प्युटरवर आणून देतं, हे तुला माहीत आहे. आता एक आजोबा आलेत, मिस्टर हेन्शके. बरोसा व्हॅलीत द्राक्षांचे मळे, वय एक्क्याऐंशी. त्यांचे पूर्वज जर्मनीहून इथे आले. त्यांचं म्हणणं, आपण मूळचे तेराव्या शतकातल्या ‘फॉन वाइडनरोड’ या सरदार घराण्यातले. त्यांच्याकडे १८७४ साली छापलेली त्या घराण्याची वंशावळ आहे, पण ती जुन्या काटेरी लिपीत. आमचं सॉफ्टवेअर तिथे मान टाकतं. तू पुण्याला कॉलेजात तीस वर्षं जर्मन शिकवलंस आणि ही लिपी तुला कॉन्व्हेंटच्या जर्मन नन्सनी पट्ट्या मारून शिकवली, असं तूच सांगतेस. बारा पानांच्या कॉपीज सोबत आहेत. प्लीज.

दुसरं काम आपलं. नेवरेकर कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघतेय. समितीने आपल्या शाखेची पानं बाबांना पाठवली, बाबांनी नेहमीसारखी मला ढकलली. ऑगस्टअखेर दुरुस्त्या कळवायच्या आहेत. १९८८च्या आवृत्तीत आजोबांची तीन मुलं आहेत : विनिता, चित्रलेखा, दत्तात्रय. विनिताच्या पुढे लिहिलंय, ‘ज. १९४५. अविवाहित. अल्पवयात निधन.’ बाकी गेलेल्या सगळ्यांच्या तारखा आहेत, हिचीच नाही. मला तर अशी एक आत्या होती हेच माहीत नव्हतं. बाबा म्हणाले, “टायफॉइड असावा, मी सहा वर्षांचा होतो, चित्राताईला विचार.” कधी गेली ती?

हृषिकेशदादाला हाय.
तुझी रुचा


वॉलॉंगॉंग
१८ मार्च २०२४

चि. रुचा,

अक्षर दिव्य आहे, पण पत्र आहे. ‘हाय’ कुणाला पोचवायची मला सवय नाही, यापुढे आशीर्वाद नाहीतर नमस्कार पाठव. तरी सांगितलं. हृषिकेश पोर्ट केम्बलाच्या कारखान्यातून शिफ्ट संपवून आला होता आणि सोफ्यावर बुटांसकट आडवा झाला होता. “हं,” म्हणाला. एवढंच बोलायला त्याला इंजिनियर केला.

तुझी बारा पानं वाचली. भाषांतर वेगळ्या कागदावर आहे. लिपीबद्दल कुरकूर करू नकोस. सिस्टर इर्मगार्डनी आम्हाला ती एका पावसाळ्यात शिकवली आणि चुकलं की बोटांवर पट्टी बसायची. आजही ‘s’ आणि ‘f’ मध्ये माझा घोटाळा होत नाही, बोटंच होऊ देत नाहीत.

या वाइडनरोड मंडळींचा मला मनस्वी राग आला. सरदाराला चार मुलगे. एकेकाची कोण कौतुकं! याने अमका किल्ला घेतला, त्याने तमक्या बिशपशी भांडण काढलं, तिसरा घोड्यावरून पडून मेला तर तो घोडा कसल्या रंगाचा हेही दिलंय. मुली तीन. दोघींना नवऱ्यांची नावं मिळाली. तिसरी मेख्टिल्ड. तिला दोन शब्द : ‘jung gestorben’. म्हणजे लहान वयात वारली. घोड्याला एक ओळ आणि पोटच्या मुलीला दोन शब्द! तुझ्या त्या आजोबांना सांग, असल्या पूर्वजांबद्दल मिरवण्यासारखं काही नाही, द्राक्षं लावणं बरं.

कुलवृत्तांतात जे छापलंय ते तसंच राहू दे. जुनं उकरून काय मिळणार आहे?

डाळ-तांदूळ खात जा. टोस्टवर माणूस जगत नाही.
चित्राआत्या


मॉसन लेक्स
२ एप्रिल २०२४

चित्राआत्या,

तुझं भाषांतर मी आमच्या बॉसला वाचून दाखवलं. घोड्यावर तो इतका हसला की त्याची कॉफी कीबोर्डवर सांडली. थँक यू.

पण आता अडकले आहे. जर्मनीतल्या एका संग्रहालयाकडून आणखी स्कॅन आलेत. त्या घराण्याच्या गढीपासून दोन दिवसांच्या वाटेवर नन्सचा एक गरीब मठ होता, विणकर बायकांनी काढलेला. त्यांचं मृत्युपुस्तक उरलंय. त्यात मेलेल्या नन्सची नावं महिना आणि दिवस धरून लिहिली आहेत, वर्ष कुठेच नाही. डेटाबेसमध्ये वर्ष नसेल तर सगळं लाल दिसतं, मला वेड लागायची पाळी आलीय. वर्ष का लिहीत नसतील?

त्यात १४ फेब्रुवारीला नोंद आहे : ‘सिस्टर क्लारा, वाइडनरोडच्या सरदाराच्या घरची.’ आणि वंशावळीत क्लारा नावाची कुणीच नाही! मिस्टर हेन्शके म्हणतात, “छापलेल्या पुस्तकात नाही तर ती आमची नाही, मेट. गाळून टाक.” बाकी एक दानपत्र आहे. सरदाराच्या बायकोने त्याच मठाला दर वर्षी मेण द्यायचं कबूल केलंय, मेणबत्त्यांसाठी. कारण लॅटिनमध्ये आहे, त्याचं इंग्रजी कुणीतरी केलंय : ‘जिचं नाव मी घेत नाही तिच्या आरोग्यासाठी.’ कुणाच्या?

विनिताआत्याचं तू काहीच लिहिलं नाहीस. बाबा सहा वर्षांचे असताना, म्हणजे ती वीस वर्षांची होती. वीस म्हणजे अल्पवय?

रुचा


वॉलॉंगॉंग
११ एप्रिल २०२४

चि. रुचा,

तू हुशार आहेस असं तुझा बाप सांगतो. असशील. पण तुला तिथे दोन बायका दिसतात, मला एकच दिसते.

नन झाली की मुलीचं नाव बदलतं. आपल्याकडे लग्नात बदलतात ना, तांदळात अंगठीनं लिहून? तसंच. मेख्टिल्ड घरातून गेली आणि क्लारा झाली. चांगल्या घरातल्या मुलींना मठात धाडायची तेव्हा पद्धतच होती, पण ती बापाने निवडलेल्या, हुंडा घेणाऱ्या श्रीमंत मठात. ही गेली विणकरणींकडे, स्वतःच्या पायांनी. बापाची अब्रू गेली. मग दरबारच्या कारकुनाने काय लिहायचं? लहान वयात वारली. संपलं. दोन शब्दांत मुलगी पुरली. आणि तिची आई बिचारी मेणबत्त्या पाठवत राहिली. ‘आरोग्यासाठी’ म्हणते ती, ‘आत्म्यासाठी’ नाही म्हणत. मेलेल्या माणसाच्या आरोग्यासाठी कुणी मेण देतं का? शिकली-सवरलेली माणसं तुम्ही, एवढं कळू नये?

मृत्युपुस्तकात वर्ष नाही म्हणून रडू नकोस. त्यांना वर्षाशी काय करायचंय? दर वर्षी त्या दिवशी तिच्यासाठी प्रार्थना करायची, म्हणून दिवस लिहिला. आपण तिथी लक्षात ठेवतो आणि साल विसरतो, तसं. त्या विणकरणींनी तिची आठवण काढण्यासाठी लिहिलं. घरच्यांनी विसरण्यासाठी लिहिलं.

एक गोष्ट या म्हातारीकडून शिकून ठेव. खरंच मेलेल्या मुलीला तारीख असते. कुठल्या दिवशी ताप चढला, कोण उशाशी होतं, घर कधी विसरत नाही. तारीख नसेल तर ती मेलेली नाही, तिला कागदावर मारलेलं आहे. त्या कारकुनाचं नाव सापडलं तर मला कळव. सातशे वर्षं झाली असली तरी मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.

चित्राआत्या


मॉसन लेक्स
२० एप्रिल २०२४

आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मिस्टर हेन्शकेंनाही समजावलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “पुअर गर्ल. घाला तिला परत.” मेख्टिल्ड आणि क्लारा आता एकच आहे, तुझ्यामुळे.

पण विनिताआत्यालाही तारीख नाही.

मी बाबांना पुन्हा विचारलं. ते म्हणाले, घरात सगळ्यांनी अंघोळी केल्या हे आठवतं, अंगणात घागर फोडल्याचं आठवतं, पण ताईला नेल्याचं काही आठवत नाही.

आत्या, आपल्या पुस्तकात तसं कुणी लिहिलं?

रुचा


वॉलॉंगॉंग
९ जून २०२४

चि. रुचा,

दीड महिना उत्तर दिलं नाही. आजारी नव्हते. हृषिकेशला सांगितलं पाठ दुखते आणि खोलीत बसून राहिले. तुझं पत्र उशीखाली ठेवून झोप येत नाही, हे या वयात कळलं.

मी लिहिलं.

विनूताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आम्ही दोघी त्याच कॉन्व्हेंटात. बाबांना इंग्रजी हवं होतं, येशू नको होता. त्यांना वाटलं, हे वेगळं काढता येतं. जून १९६५मध्ये एका सकाळी तिने माझी वेणी घातली, माझा डबा भरला, मला शाळेत पाठवलं आणि स्वतः नन्सच्या घरी राहायला गेली. पुढे तिने धर्म बदलल्याचं कळलं तेव्हा बाबांनी भटजींना बोलावलं. तिच्या नावाने घागर फोडली, सुतक धरलं. दत्तू सहा वर्षांचा, त्याला सांगितलं ताई देवाघरी गेली. खोटं तरी कसं म्हणायचं! मी चौदा वर्षांची होते, मला सगळं कळत होतं. मीही अंघोळ केली.

१९७१ साली सिस्टर इर्मगार्डनी मला बोलावून एक पत्र दिलं. विनूताई जर्मनीत होती, राईनकाठच्या एका गावात, तिथल्या मठाच्या इस्पितळात नर्स. नाव आता सिस्टर गाब्रिएला. तिने एवढंच विचारलं होतं की आईचे गुडघे कसे आहेत आणि मी कोणता विषय घेतला. मी जर्मन घेतलं होतं. मी जर्मन का घेतलं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. तिच्यासाठी घेतलं. तीस वर्षं शेकडो पोरांना पत्रलेखन शिकवलं, मायना इथे, तारीख तिथे. आणि ज्या एका माणसाला ते लिहायचं होतं तिला एक ओळ लिहिली नाही. आधी बाबांचा धाक होता. ते गेल्यावर लाज. लाज धाकापेक्षा जास्त टिकते.

१९८७ साली कुलवृत्तांताचा फॉर्म आला. माझं अक्षर चांगलं म्हणून दत्तूने तो माझ्याकडे दिला. आई समोर बसून वाल सोलत होती. मी विचारलं, “आई, विनूताईचं काय लिहू?” आई म्हणाली, “तुझे बाबा असते तर काय लिहिलं असतं?”

मी लिहून टाकलं. अल्पवयात निधन. सुवाच्य अक्षरात.

छत्तीस वर्षं मी समजत होते की आईने मला तसं लिहायला सांगितलं. तुझं ते मेणाचं दानपत्र वाचलं आणि त्या दिवसापासून तिचा हात डोळ्यांपुढून हलत नाही. तो वाल सोलायचा थांबला होता, रुचा. मी लिहून फॉर्मची घडी घालेपर्यंत ती वाट पाहत होती. ती सांगत नव्हती. विचारत होती. बाबा तर नाहीत, आता तू काय लिहितेस, असं विचारत होती. मी म्हटलं असतं, ‘आई, ती जिवंत आहे, माझ्याकडे पत्ता आहे’, तर बहुधा ती माऊली रडली असती आणि आम्ही दोघींनी मिळून पत्र लिहिलं असतं. आई दोन वर्षांनी गेली.

तो कारकून शोधत होतीस ना? बहात्तर वर्षांचा आहे, वॉलॉंगॉंगला असतो, मुलाच्या घरी.

पत्ता खाली देत आहे. तू लिही. मला हिंमत नाही. ती एकोणऐंशी वर्षांची असेल, असली तर.

चित्रा


मॉसन लेक्स
१४ जुलै २०२४

आत्या,

आधी सांगते, मग बाकीचं. ती आहे.

मी त्या पत्त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं. ते इस्पितळ बंद झालंय, पण पोस्टाने पत्र मठाच्या वृद्धाश्रमात पोचवलं. तिथल्या मुख्य सिस्टरचा ईमेल आला. मी प्रिंट करून सोबत घातलाय, पण तू चष्मा शोधेपर्यंत धीर धरणार नाहीस, म्हणून इथेच लिहिते.

सिस्टर गाब्रिएला अंगाने ठणठणीत आहेत. चालतात, जेवतात. पण चार वर्षांपासून स्मृती जातेय. आधी नावं गेली, मग गेल्या वर्षी जर्मन गेलं. सगळंच्या सगळं. त्या बोलतात, दिवसभर बोलतात, पण काय ते कुणालाच कळत नाही. शेजारच्या मठातून केरळच्या एका सिस्टरना बोलावून आणलं. त्यांनी मल्याळम, तमिळ, हिंदी सगळं बोलून पाहिलं. हिंदीवर त्या हसल्या फक्त. मुख्य सिस्टर लिहितात, ‘आमच्या सिस्टर काय म्हणतात हे समजणारं एकही माणूस या घरात नाही, आणि त्या रोज कुणाच्या तरी उत्तराची वाट पाहतात असं आम्हाला वाटतं. तुम्हाला ती भाषा येत असेल तर कृपा करून फोन करा.’

आत्या, ती मराठी बोलतेय.

फोनची वेळ त्यांची सकाळी नऊ, म्हणजे तुझ्याकडे संध्याकाळचे पाच. सोमवार ते शनिवार कधीही चालेल. मी ॲडलेडहून ट्रेन, फ्लाइट काय मिळेल ते पकडून तुझ्याजवळ येऊन बसू का? नुसतं ‘ये’ म्हण.

समितीला काय कळवू?

रुचा


वॉलॉंगॉंग
८ ऑगस्ट २०२४

चि. रुचा,

तू येऊ नकोस असं कळवलं तेव्हा तुला वाईट वाटलं असेल. पण एवढं मला एकटीनेच करायला हवं होतं.

समितीला मीच लिहिलं. ‘विनिता दिवाकर नेवरेकर, ज. १९४५, हयात. १९६५ साली नन झाल्या, नाव सिस्टर गाब्रिएला, जर्मनीत परिचारिका. मागील आवृत्तीतील नोंद खोटी होती, ती त्यांची बहीण चित्रलेखा हिने केली.’ आठ दिवसांनी एका गृहस्थांचं उत्तर आलं. चारुदत्त नेवरेकर, कुठल्या शाखेचे कोण जाणे. भाषा कशी मधाळ! ‘ताई, आपल्या भावना समजतात. तथापि वाचकांच्या दृष्टीने “अविवाहित, परदेशी वास्तव्य” इतकेच घ्यावे असे समितीस वाटते.’ मी उलट टपाली कळवलं की मी जे दिलं ते अक्षरशः छापा. नाहीतर माझं नावही काढा आणि माझ्यापुढे अल्पवयात निधन लिहा. लिहायची पद्धत मला ठाऊक आहे, नमुना हवा तर पाठवते. काल निरोप आला, छापतो म्हणाले. खोटं लिहायला मला एका दुपारचा एक क्षण लागला होता. ते खोडायला असली दोन पत्रं लागली.

फोन मंगळवारी केला. हृषिकेशने लावून दिला आणि बाहेर जाऊन अंगणात उभा राहिला. मुलगा शहाणा आहे, तोंडाने बोलत नाही एवढंच.

आधी एक तरुण सिस्टर होत्या. त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलले. त्या म्हणाल्या, “तुमचं जर्मन किती सुंदर आहे!” मग त्यांनी फोन तिच्या कानाला लावला. श्वास ऐकू आला. मी म्हटलं, “विनूताई.”

ती लगेच बोलली, रुचा. आवाज म्हातारा झालाय, पण बोलणं जूनमधल्या त्या सकाळचंच. “कोण हवंय?”

“मी चित्रा, विनूताई.”

“चित्रा शाळेत गेली,” ती म्हणाली. “साडेपाचला येईल. डबा दिलाय मी तिला. आपण कोण?”

मला आपण म्हणाली. माझ्या वेण्या घालणारी बहीण.

मी पुन्हा म्हटलं, “अगं ताई, मीच चित्रा. मोठी झाले. म्हातारी झाले.” ती हसली. घरी आलेल्या परक्या बाईचं मन राखायला हसतात ना, तशी. मग आपल्या बायका विचारतात तसंच तिने विचारलं, “आपण कुणाकडच्या?”

काय सांगणार होते मी? कागदावर जिचं घर काढून घेतलं ती मला माझं घर विचारत होती. मी म्हटलं, “नेवरेकरांकडची.”

“अय्या, मग आमच्यातल्याच की!” तिला इतका आनंद झाला. “उभ्या का? बसा ना. आई आत आहे, बोलावते हं.” आणि फोन कुठेतरी ठेवला. टेबलावर असावा, लाकडाचा आवाज आला. मग तिची पावलं लांब लांब जाताना ऐकू आली, आणि तिच्या हाका. “आई! आई, ये गं बाहेर, आपल्याकडे कुणी आलंय.” एक दार उघडलं, दुसरं उघडलं. ती सगळी दारं उघडून पाहत होती.

बराच वेळ गेला. मग ती तरुण सिस्टर फोनवर आली. म्हणाली, “माफ करा, त्या लांब गेल्या, आता परत येतील असं वाटत नाही. फोन ठेवू का?”

मी जर्मनमध्ये म्हटलं, “नको, चालू राहू दे. मी थांबते.”

चित्राआत्या